पिंपळझिऱ्याचे अठ्ठेचाळीस हजार मासे

रागिणीने गुणाकार तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदाही उत्तर अठ्ठेचाळीस हजारच आलं.

पिंपळझिऱ्याच्या ग्रामपंचायतीत तिला कोपऱ्यातलं एक टेबल दिलेलं होतं. त्यावर वही, कॅल्क्युलेटर, बारीक टोकाची कात्री आणि मासळीच्या वासाचा टॉवेल, एवढा तिचा संसार होता. गावाबाहेरच्या तलावात मासे किती आहेत हे तिला शोधायचं होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. पद्धत जुनी आणि सोपी होती. जाळ्यात आलेल्या दोनशे माशांच्या पोटाखालचा डावा पर, म्हणजे वल्ह्यासारखा पंख, कात्रीने थोडा कापायचा आणि मासे परत पाण्यात सोडायचे. काही महिन्यांत तो पर पुन्हा वाढतो. तीन आठवडे थांबून पुन्हा जाळं टाकायचं आणि आलेल्या माशांत पर कापलेले किती ते बघायचं. खुणेचे बरेच सापडले तर तलावात एकूण मासे थोडे, खुणेचा एखादाच सापडला तर मासे भरपूर.

दुसऱ्या वेळी जाळ्यात दोनशे चाळीस मासे आले होते. त्यात खुणेचा मासा होता एक.

दोनशे गुणिले दोनशे चाळीस, भागिले एक. तलाव पाच हेक्टरांचा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मीटरला एक मासा, आणि तोही पाव किलोच्या वरचा, कारण त्याहून लहान मासे जाळ्याच्या भोकातून निसटतात. रागिणीने डोळे मिटून तो तलाव बघायचा प्रयत्न केला. त्यात उतरलेल्या म्हशीला वळायलाही जागा नव्हती.

तिने वहीत आकडा लिहिला, त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि अमरावतीला गावंडे सरांना फोन लावला. सर या प्रकल्पाचे प्रमुख होते.

"एकच सापडला?" सरांनी विचारलं.

"एकच, सर."

"मग उत्तराला काय किंमत? तो एक नसता सापडला तर तू मला अनंत मासे सांगितले असतेस. रागिणी, आकडा मोठा असो की लहान, तो तसा का आला हे मला कळलं पाहिजे. पुन्हा कर. आणि सेमाडोहचा निर्णय मला या महिन्यात करायचा आहे, हे लक्षात ठेव."

ते तिच्या लक्षात नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता. मेळघाटात सेमाडोहला ओढ्यांमधल्या माशांची दोन वर्षांची पाहणी सुरू होणार होती आणि सरांकडे जागा एकच होती. ती रागिणीला इतकी हवी होती की अमरावतीत राजापेठेतल्या घरी तिने आईला न विचारता गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन ठेवले होते. दुसरा उमेदवार संघपाल. अकोल्याकडच्या एका तलावाचा त्याचा आकडा गेल्याच आठवड्यात आला होता, तीन हजार एकशे बारा, आणि त्यावर कुणालाही काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

फोन ठेवून ती वळली तर मागे सरपंच उभा होता. अमोल तिशीतला, उत्साही गडी. तलावावर गळ टाकायची स्पर्धा भरवून गावाचं नाव करायचं त्याने ठरवलं होतं आणि तलावात मासे आहेत की नाहीत एवढंच त्याला रागिणीकडून हवं होतं. त्याची नजर वहीवर होती.

"मॅडम, अठ्ठेचाळीस हजार?"

"अजून पक्कं नाही. मला पुन्हा तपासायचं आहे."

"तपासा ना. तुमाले कोन नाई म्हणते? तोवर मी ब्यानरचं पाह्यतो."

चौथ्या दिवशी बडनेऱ्याच्या चौकात आणि राजापेठेत ब्यानर लागले. वर अमोलचा हात जोडलेला फोटो, खाली उडी मारणारा एक मासा, जो आपल्याकडे कुठल्याच तलावात नसतो, आणि मधे लिहिलेलं: पिंपळझिरा तलाव, ४८,००० मासे आपली वाट पाहत आहेत. प्रश्नचिन्ह तेवढं छापायचं राहिलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाताना रागिणी बडनेऱ्याच्या बाजारात उतरली. गावातल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष सूर्यभान यांची बायको गोदाबाई एक दिवस तिथे, एक दिवस राजापेठेत मासळी घेऊन बसायची. टोपलीत नऊ मासे होते. तीन आठवड्यांच्या सवयीने रागिणीने एक उचलला आणि उलटा केला. डावा पर कापलेला. तिने दुसरा उचलला. मग सगळेच.

"मावशी, हे मासे कुठले?"

"कुठले म्हंजे? आपल्याच तलावातले. तुह्याच हातचे."

"अहो, पण सगळ्यांचे पर कापलेले आहेत."

"हाव. आमी आता तेच ठेवतो. बाकीचे पान्यात सोडून देतो."

"काहून?" घाईत असली की रागिणीच्या तोंडून कॉलेजची मराठी गळून पडायची.

"आता काहून म्हंजे? नसबंदी केलेल्या मासोळ्या ठेवून काय करतं? त्या काही पिल्लं देनार हायेत का?"

रागिणीने हातातल्या माशाचा पर पुन्हा निरखला. गोदाबाईने टोपलीवर पाणी शिंपडलं आणि आवाज उतरवून समजावून सांगितलं.

"हे पाय. राजापेठच्या बाजारात माह्या टोपलीपाशी एक कुत्रं बसते, लाल्या. मागच्या साली गाडी आली, त्याले घेऊन गेली, चार दिसानं आणून सोडलं, तं कानाचा टवका काढेल. म्या त्या गाडीवाल्याले इचारलं, बाप्पा, कान काहून कापला? तं म्हणे नसबंदी झाली, त्याची खून आहे. अन् मंग तू आली. मासोळ्या धरते, पर कापते अन् सोडून देते. आमाले समजत नाई का?"

"पण मग मला विचारायचं तरी होतं."

"पोरीच्या जातीले असं इचारावं कसं? आमचे हे तं तू आली का मान खाली घालून बसत. सारे बसले अन् ठरवलं, का ज्याइची झाली त्या इकून टाकू अन् ज्याइची नाई झाली त्या जपू. नाई तं पुढच्या साली तलावात राहीन काय?"

रागिणीने बसमध्ये हिशेब केला. तीन आठवडे हे लोक जाळ्यात आलेले शंभर मासे तपासायचे, त्यातले खुणेचे आठदहा ठेवायचे आणि बाकीचे नव्वद, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन, परत सोडायचे. तिचा प्रयोग पार मोडला होता, पण मोडणाऱ्यांच्या विचारात तिला एकही चूक सापडत नव्हती. हीच गोष्ट तिला रात्रभर पुन्हा पुन्हा आठवून आवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानच्या अंगणात संस्थेचे आठही जण जमले. गोदाबाईकडून रागिणीने वाटीभर हरभरे मागून घेतले. मोजून वीस दाण्यांना कुंकू लावलं, वाटीत मिसळले, वाटी हलवली आणि सूर्यभानला चिमूटभर काढायला सांगितलं. चिमटीत बारा दाणे आले, त्यात लाल तीन. तिने गुणाकार करून वाटीत ऐंशीच्या आसपास दाणे असावेत असं सांगितलं. मोजले तर चौऱ्याऐंशी निघाले.

सूर्यभान साठीचा, सडपातळ माणूस. अडकित्त्याने सुपारी कातरत विचार करायची त्याला सवय होती. त्याने वाटीकडे पाहत एक पूर्ण सुपारी कातरली.

"मॅडम, म्हंजे खुनेचे घावले पायजे."

"बरोबर."

"अन् नाई घावले तं?"

"तर मागच्यासारखं होतं. उत्तराला अर्थ राहत नाही. खुणेचे जितके जास्त सापडतील, तितकं उत्तर पक्कं."

वाक्य चुकीचं नव्हतं. पुस्तकातही ते असंच आहे. सूर्यभानने ते सुपारीबरोबर तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं.

गोदाबाईने चहा आणला. "अन् उत्तर चुकलं तं तुले रागावतीन का?"

"रागावणार नाहीत. पण मग सेमाडोहचं काम मला मिळणार नाही. संघपालला मिळेल."

"कोन संघपाल?"

"माझ्याबरोबरचा आहे. चांगला मुलगा आहे."

"असंन चांगला," गोदाबाई म्हणाली, "पर त्याले आमी कधी पाह्यलं नाई."

रागिणीने पुन्हा दोनशे मासे धरले. या वेळी उजवा पर कापला, म्हणजे जुन्या खुणांशी घोळ नको. खुणेचा मासा विकायचा नाही, खायचा नाही, सापडला तर सोडून द्यायचा, हे तिने आठही जणांकडून वदवून घेतलं आणि दोन आठवडे अमरावतीलाच राहून अहवालाची पहिली पानं लिहीत बसली. मधे एकदा राजापेठेत गोदाबाई दिसली. मासळीच्या टोपलीत वांगी होती. पायाशी टवका काढलेल्या कानाचा लाल्या निराश चेहऱ्याने बसला होता.

"मावशी, आज वांगी? मासे कुठे गेले?"

"मासोळ्या कामात हायेत," गोदाबाई म्हणाली.

रागिणी हसली आणि अर्धा किलो वांगी घेऊन घरी गेली. पुढे कित्येक दिवस हे वाक्य आठवून तिला आपल्या बुद्धीची शंका यायची.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी पुन्हा जाळं पडलं. ट्रकच्या ट्यूबवर बसून आठही जणांनी मासे आणून हौदात ओतले. रागिणी एकेक उलटा करायची, पट्टीवर ठेवून मोबाईलने पराचा फोटो काढायची आणि सोडायची. पहिल्या माशाचा उजवा पर कापलेला होता. दुसऱ्याचाही. सातव्याला तिला बरं वाटलं, विसाव्याला जरा विचित्र वाटलं आणि साठाव्यानंतर तिला काही वाटायचंच बंद झालं. अडीचशे माशांपैकी एकशे सत्त्याण्णव खुणेचे होते.

"एकशे सत्त्याण्णवच?" सूर्यभानचा चेहरा पडला. "म्या म्हणलं, सारेच घावतीन."

पण रागिणी तोवर कॅल्क्युलेटरवर होती. दोनशे गुणिले अडीचशे, भागिले एकशे सत्त्याण्णव. तलावात एकूण मासे दोनशे चोपन्न.

शुक्रवारी सकाळी तिने सरांना कळवलं. पलीकडे कागदावर पेन खरखरलं. सर वजाबाकी करत होते.

"सत्तेचाळीस हजार सातशे शेहेचाळीस," ते अखेर म्हणाले. "एवढे मासे महिन्याभरात गेले कुठे?"

"तेच शोधतेय, सर."

"शोध. मी रविवारी येतोच आहे. माझ्या शेजाऱ्यांनी स्पर्धेत नाव दिलंय. ब्यानर वाचून."

सरपंचाच्या कानावर घालणं भाग होतं. अमोलने दार लोटून घेतलं. "मॅडम, रविवारपरेंत कोनाले बोलू नका. बासष्ट जणाइनं नावं देल्ली. अकोल्याहूनबी येऊन राहिले."

"अहो, पण दोनशे चोपन्नच मासे आहेत."

अमोलने खिशातून मोबाईल काढून भागाकार केला. "मानशी चार तं येते," तो म्हणाला.

रागिणी टेबलाशी बसून गुरुवारचे फोटो बघू लागली. मासे उडून जात नाहीत. आकडा असा येतो तेव्हा एक तर गणित चुकलेलं असतं किंवा मोजलेली गोष्ट. गणित तिने पाच वेळा केलं होतं. म्हणून ती कापलेले पर मोठे करून पाहू लागली. नवव्या फोटोपाशी थांबली. तिची कात्री नेहमी तिरकी चालायची, पण एका सरळ रेषेत. या पराची कड मात्र आत वळलेली होती, चंद्रकोरीसारखी. दहावाही तसाच. दुपारपर्यंत तिने सगळे वेगळे केले. तिरके सव्वीस, चंद्रकोरी एकशे एकाहत्तर.

ती सूर्यभानकडे गेली तेव्हा तो ओसरीवर सुपारी कातरत होता. त्याने एक खांड तिच्या हातावर ठेवलं. रागिणीने ते तोंडात टाकलं नाही. उन्हाला धरून त्याची कड बघितली, मग मोबाईलमधला पर बघितला, मग अडकित्ता.

"काका, तुम्ही मासे कापले?"

"हाव," सूर्यभान मोकळेपणाने म्हणाला. "आठही जणाइनं. घरोघरचे अडकित्ते घेतले. गरम पान्यानं धुवून, तुमी स्पिरिटनं पुसता तसे. दोन हप्ते दुसरं कामच केलं नाई."

"पण काहून?"

"तुमीच तं म्हणलं, खुनेचे जास्त घावले का उत्तर पक्कं. तुमी दोनशे कापले. एवढ्या तलावात दोनशे ते काय? आमाले पाह्यवलं नाई. म्हणलं, पोरीचं काम आहे, हात लावू." पहिल्यांदाच तो तिला मॅडम म्हणाला नव्हता. "काही चुकलं का?"

रागिणी पायरीवर बसली. गणितात खुणेचे मासे दोनशेच धरले होते आणि पाण्यात ते कितीतरी जास्त फिरत होते. किती जास्त, हे आता देवालाच माहीत. सेमाडोहच्या ओढ्यात रबरी बूट घालून उतरलेला संघपाल तिला स्पष्ट दिसला. त्याला ते बूट नीट बसलेही होते.

"किती मासे कापले, ते काही लक्षात आहे?" तिने उगाच विचारलं.

"लक्षात कशाले ठेवू? डब्यात हायेत ना."

त्याने आतून पत्र्याचा डबा आणला. आत हरभरे होते, गळ्याच्या खालपर्यंत. "तुमी त्या दिशी दाखवलं तसं. एक मासा कापला का एक दाना. आठही जणाइचे यातच."

रागिणीने डब्यात हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. कुणालाही न सांगता, आपण होऊन, या माणसाने तिच्याहून चोख नोंद ठेवली होती. तिथेच चादर अंथरून दोघं दाणे मोजायला बसली. दहादहाचे ढिगारे केले. अकराशे सत्तर.

आता गंमत अशी होती की तिच्याकडे एकाऐवजी दोन खुणा झाल्या होत्या, आणि फोटोंमुळे त्या वेगळ्या ओळखता येत होत्या. तिने आधी स्वतःच्या तिरक्या खुणा घेतल्या. दोनशे कापलेले, अडीचशेत सव्वीस सापडलेले. तलावात मासे एक हजार नऊशे तेवीस. मग अडकित्त्याच्या खुणा. अकराशे सत्तर कापलेले, एकशे एकाहत्तर सापडलेले. मासे एक हजार सातशे दहा. दोनशेच्या वर फरक. संख्याशास्त्र एवढा फरक सहज चालवून घेतं. रागिणीला मात्र तो चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

"दाणे नक्की सगळे आहेत ना, काका?"

"डब्यातून कोन नेते?" सूर्यभान म्हणाला.

रविवारी सकाळी तलावाचा काठ छत्र्या, घडीच्या खुर्च्या आणि टोप्यांनी भरून गेला. बासष्ट जणांनी बासष्ट तऱ्हेची आमिषं आणली होती. कुणी गांडुळं, कुणी कणकेचे गोळे, अकोल्याचे एक गृहस्थ तर वेलची घातलेला खवा. पाण्यात बासष्ट गळ पडले आणि पडूनच राहिले. दोन महिन्यांत त्या तलावातल्या जवळजवळ प्रत्येक माशाला कुणी ना कुणी धरलं होतं, उलटं केलं होतं, कातरलं होतं आणि फोटो काढून सोडलं होतं. वरून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचं मत आता पक्कं झालं होतं.

दुपारपर्यंत सगळे मिळून मासे निघाले अकरा. पहिलं बक्षीस तीनशे ग्रॅमच्या एका चिलापीला मिळालं.

"अठ्ठेचाळीस हजारातून अकरा?" खव्यावाल्यांनी अमोलला विचारलं.

"बाकीच्याइनं तुमाले पाह्यलं ना, काका," अमोल म्हणाला. "आता वळख झाली. पुढच्या साली येतीन."

गावंडे सर बक्षिसाच्या चिलापीपाशी थांबले. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि पर डोळ्यांजवळ नेला.

"रागिणी, ही तुझी कात्री नाही."

"नाही, सर. तो अडकित्ता आहे."

सरांनी मासा खाली ठेवला. "जेवताना सांग," ते म्हणाले. "उपाशीपोटी मला हे झेपेलसं वाटत नाही."

जेवण सूर्यभानकडेच होतं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, हरभऱ्याची उसळ. रागिणीने लाल्याच्या कानापासून सुरुवात केली आणि काही न लपवता डब्यापर्यंत आली. सरांनी एकदाही मधे अडवलं नाही. ते जेवत होते आणि घासागणिक त्यांच्या भुवया थोड्या वर जात होत्या.

"म्हणजे दोन स्वतंत्र खुणा," ते म्हणाले. "वाईट नाही. पण फरक दोनशेचा आहे आणि दुसरी खूण डब्यातल्या दाण्यांवर उभी आहे. डब्याला कुणी हात लावला नाही, हे तू कशावरून म्हणतेस?"

गोदाबाई सरांच्या ताटात उसळ वाढत होती. तिचा हात थांबला.

"कोनत्या डब्याले?"

सूर्यभानने आत बोट दाखवलं.

"मावशी," रागिणी हळूच म्हणाली.

"अवं, एकच मूठ घेतली. बेस्तरवारी, मोजायच्या आदल्या रात्री, हरभरे भिजू घातले, तं जरासे कमी पडले. त्यातले नाई बाप्पा, हे तं आजचे हायेत. ते आमी शुक्रवारीच खाल्ले. तूच तं खाल्ली, मोजून झाल्यावर. म्या तुले वाटीभर देल्ली."

रागिणीला ती वाटी आठवली. तिने दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

सर ताटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे नोंदी तूच खाल्ल्यास."

पण रागिणी उठली होती. तिने आतून हरभऱ्याचं पोतं आणि चादर आणली आणि गोदाबाईपुढे ठेवली.

"मावशी, तशीच मूठ भरा. त्या रात्री भरली होती तशी."

"आता?"

"आत्ता. पाच वेळा."

गोदाबाईने पदर खोचला आणि पाच मुठी भरून चादरीवर पाच ढीग घातले. सूर्यभान, सर आणि रागिणी उकिडवे बसून मोजू लागले. खव्यावाले जाताजाता थांबले, त्यांनाही एक ढीग दिला. दोनशे नऊ, दोनशे एकवीस, दोनशे पाच, दोनशे अठरा, दोनशे सतरा. सरासरी दोनशे चौदा, कमीजास्त नऊ दाणे.

"हात भल्ला सारखा आहे तुमचा," सूर्यभान बायकोला म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं.

"चाळीस साल झाले तुमाले वाढून राहिली," गोदाबाई म्हणाली.

अकराशे सत्तर अधिक दोनशे चौदा, तेराशे चौऱ्याऐंशी. रागिणीने पुन्हा गुणलं, पुन्हा भागलं. दोन हजार तेवीस. आणि कात्रीचा आकडा होता एक हजार नऊशे तेवीस. अख्ख्या तलावात फरक शंभर माशांचा. तिने वही सरांपुढे धरली. ते हात धुवून आले, आकडे स्वतः पुन्हा तपासले, वही मिटली आणि सूर्यभानने दिलेली सुपारी तोंडात टाकून गाडीत जाऊन बसले.

अहवाल रागिणीने दुसऱ्याच आठवड्यात पाठवला. मासे अंदाजे दोन हजार. गळ टाकणाऱ्यांसाठी तलाव पुढचं वर्षभर बरा नाही. माशांना विसरायला वेळ द्यावा. पद्धतीच्या प्रकरणात तिने सगळं खरं लिहिलं, उसळीसकट. ते पान पाठवताना तिने रबरी बुटांकडे बघायचं टाळलं.

आठ दिवस काहीच आलं नाही. नवव्या दिवशी सरांकडून एक कागद आला. वर ना अभिनंदन, ना शुभेच्छा. फक्त 'सेमाडोह: सोबत न्यायचं सामान' असं शीर्षक आणि खाली टंकलेली यादी: जाळी चार, पट्ट्या दोन, तराजू एक, रबरी बूट ज्याचे त्याने. शेवटी पेनाने दोन ओळी वाढवलेल्या होत्या. अडकित्ता, एक. हरभरा, एक किलो. मग हरभऱ्यापुढचा 'एक' खोडून सरांनी तिथे 'दोन' केलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक मोजायला.